हाताची जागा कोणी ठरवावी?

आमच्या संघटनेच्या कार्यालयातील टेबलावर, पावतीपुस्तके आणि सभासदांच्या अर्जांचे गठ्ठे यांच्या शेजारी, पंजाएवढी एक काळी, गुळगुळीत, चौकोनी पट्टी पडलेली असते. तिच्यातून निघालेली वायर संगणकाला जोडलेली असते. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कित्येकांना तो मोबाईल वाटतो. एका वयस्क सभासदांनी तर तिच्यावर चहाचा पेला ठेवला होता. ही वस्तू म्हणजे टचपॅड होय. लॅपटॉपच्या कळांखाली बोट फिरविण्याची जी जागा असते, तीच येथे यंत्रापासून सुटी काढून वायरीने जोडलेली आहे. तिच्यावर बोट फिरविले की पडद्यावरचा बाण फिरतो. टिचकी मारली की माऊसचे बटण दाबल्याचे काम होते. एवढ्याशा वस्तूवर व्याख्यानमालेत बोलावे असे तिच्यात काय आहे, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल. तो आम्हांसही पडला होता. म्हणून ती आमच्या टेबलावर कशी आली, हे आधी सांगितले पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगी उजव्या मनगटाला पट्टा बांधून आमच्याकडे आली. ठेकेदारामार्फत एका कंपनीच्या कामाला लागलेली, आणि दिवसाचे नऊ तास लॅपटॉपवर कागदपत्रांतील आकडे भरणारी. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊन तिला जाग येई. मनगट वाकडे ठेवू नका, कामाची पद्धत बदला, असे डॉक्टरांनी सांगितले. तिने स्वतःच्या पगारातून वायरीचा टचपॅड विकत आणला आणि तो डाव्या हाताशी ठेवून काम सुरू केले. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी तो काढावयास लावला. कंपनीच्या लॅपटॉपला बाहेरची वस्तू जोडावयाची नाही हा नियम. आणि लॅपटॉपवर टचपॅड असताना दुसरा कशाला, हा वर शेरा. ती आम्हांस म्हणाली, "भाऊ, पगारवाढ मागायला मी आलेले नाही. हात कुठे ठेवायचा एवढं तरी मला ठरवू द्या, असं सांगा त्यांना."

आमचे सगळे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झालेले. अडलेला प्रश्न घेऊन तेथे जाऊन बसावयाचे, ही आमची जुनी सवय. या मुलीचे वाक्य घेऊनही आम्ही तेथेच गेलो. जे हाती लागले त्यावरून आमची अशी खात्री झाली, की संगणकावरील हाताची जागा आजवर बहुधा यंत्राच्या सोयीने ठरत आली आहे. आणि जेव्हा जेव्हा ती कामगाराच्या सोयीने ठरली, तेव्हा त्याच्यामागे कोणाचा तरी दुखावलेला हात किंवा कोणाची तरी संघटना उभी होती. आज तेवढीच गोष्ट पुराव्यानिशी मांडावयाची आहे.

हा प्रश्न संगणकापूर्वीचा आहे. इटलीतील मोदेना येथे १७०० साली बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्यास इतर प्रश्नांबरोबर "तुझा धंदा कोणता?" हेही विचारले पाहिजे, असा आग्रह धरणारा हा वैद्य. त्याने कुंभार, खाणकामगार, सुईणी यांच्याबरोबर लेखनिकांचाही विचार केला. सतत बैठक, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, ही त्यांच्या दुखण्याची तीन कारणे त्याने सांगितली. डाटा एंट्रीच्या आजच्या कामाचे वर्णन याहून वेगळे होणार नाही. त्याच ग्रंथात एका नोटरीची हकीकत आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा तो डाव्या हाताने लिहावयास शिकला. परंतु काही काळाने डाव्या हातासही तेच दुखणे जडले. ही हकीकत श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. शेवटी तिच्याकडे परत यावयाचे आहे.

पुढे तारायंत्र आले. त्याच्या कळीवर दिवसभर कट्ट-कड करणाऱ्या तारवाल्यांच्या बोटांत पेटके येऊ लागले. ब्रिटनमध्ये १९०६ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली व्यवसायजन्य रोगांची जी यादी होती, तिच्यात १९०८ साली या दुखण्याचा समावेश झाला. जखम दिसत नाही, रक्त येत नाही, तरीही हात कामाने गेला, हे कायद्याने मान्य केले. संगणक जन्माला येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

पडद्यावरची खूण हाताने हलवावी, ही गरज प्रथम भासली ती रडारवर. १९४६ साली ब्रिटिश आरमारासाठी काम करणाऱ्या राल्फ बेंजामिन यांनी जागेवर फिरणाऱ्या चेंडूची युक्ती काढली. १९५२ साली कॅनडाच्या आरमारासाठी चाललेल्या डाटार प्रकल्पात असाच चेंडू वापरला गेला, आणि तो होता तेथील बोलिंगच्या खेळातला नेहमीचा चेंडू. यंत्र कपाटाएवढे, परंतु हाताखालची वस्तू मात्र माणसाच्या खेळण्यातून घेतलेली. आज आपण ज्यास ट्रॅकबॉल म्हणतो, त्याचा हा पूर्वज होय.

यानंतरचे मोठे नाव डग्लस एंगलबार्ट यांचे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४ साली त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस बनविला. लाकडी ठोकळा, खाली काटकोनात बसविलेली दोन चाके आणि एक बटण, एवढाच त्याचा संसार. प्रथम त्याची वायर मनगटाच्या बाजूने निघत असे. ती हाताच्या आड येते असे दिसल्यावर पुढच्या बाजूस नेली. १९६७ साली एंगलबार्ट, इंग्लिश आणि बर्मन यांनी निरनिराळ्या साधनांची तुलना प्रसिद्ध केली. तिच्यात प्रकाशलेखणी होती, दांडी होती, आणि टेबलाखाली गुडघ्याने चालवावयाचे एक साधनही होते. सराव झालेल्या माणसांच्या हाती माऊस सरस ठरला. नवख्यांना मात्र गुडघ्याचे साधन चांगले जमले. प्रयोग प्रामाणिक होता. परंतु त्यात मोजले काय, तर वेळ आणि चुका. आठ तासांच्या पाळीअखेर आणि दहा वर्षांच्या नोकरीअखेर हाताची अवस्था काय होते, हे मोजण्याचा तो प्रयोग नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी आपली सर्व यंत्रणा लोकांपुढे चालवून दाखविली, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक वेगळी पट्टी होती. दोन्ही हातांनी काम वाटून घ्यावे, अशी ती योजना होती. पुढे १९८४ साली मॅकिन्टॉशबरोबर आणि त्यानंतर इतर संगणकांबरोबर माऊस घरोघर गेला. डाव्या हाताची पट्टी मात्र मागे राहिली. शिकावयास अवघड म्हणून ती गळाली असेल. पण ओझे उजव्या हातावर पडले, एवढे खरे. एंगलबार्ट यांच्याही पदरात माऊसच्या कमाईतून काही पडले नाही. १९७० साली मिळालेले पेटंट संस्थेच्या मालकीचे होते. कल्पना कामगाराची आणि हक्क मालकाचा, हा अनुभव आमच्या मंडळींना नवा नाही.

आता टचपॅडकडे वळू. त्याच्या गुळगुळीत पृष्ठाखाली विद्युत्वाहक पट्ट्यांचे दोन थर असतात, मागावरच्या उभ्या-आडव्या धाग्यांसारखे एकमेकांना छेद देणारे. या पट्ट्यांमध्ये थोडा विद्युत्भार साठतो. माणसाचे शरीर विजेचे वाहक असल्यामुळे बोट जवळ आले की त्या ठिकाणी साठणाऱ्या भारात किंचित फरक पडतो. आतील चिप हा फरक सेकंदातून अनेक वेळा मोजते आणि बोट कोठे आहे ते ठरविते. म्हणूनच लाकडी काडीने किंवा जाड हातमोजा घालून तो चालत नाही, आणि बोट ओले असले की बिचकतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की त्यास जोर लागत नाही. स्पर्श पुरे होतो. माऊसप्रमाणे एखादी वस्तू मुठीत धरून ठेवावी लागत नाही.

१९८२ च्या सुमारास अपोलो कंपनीच्या टेबलावरील संगणकांच्या कळफलकाशेजारी टचपॅड होता. १९८३ साली गॅव्हिलान नावाच्या हाती नेण्याजोग्या संगणकावर तो कळांच्या वर बसविला होता. परंतु आज आपण वापरतो त्या जातीचा टचपॅड घडविण्याचे श्रेय जॉर्ज गरफाइड यांना जाते. १९८८ साली त्यांनी ही युक्ती सिद्ध केली. पुढे त्यांच्या सर्क या कंपनीने तिचा धंदा मांडला, आणि संगणकाला वायरीने जोडावयाचे सुटे टचपॅडही बाजारात आणले. १९९४ साली ॲपलने आपल्या पॉवरबुक लॅपटॉपवर हाच टचपॅड बसविला आणि पाहता पाहता तो सर्व लॅपटॉपांवर आला.

लॅपटॉपवर तो का आला? प्रवासात माऊस फिरविण्यास जागा नसते म्हणून. १९९१ च्या पॉवरबुकने कळा पडद्याच्या बाजूस सरकविल्या होत्या आणि पुढे तळवे टेकण्यास जागा करून मध्ये ट्रॅकबॉल बसविला होता. तीन वर्षांनी त्याच जागी टचपॅड आला. प्रवासी यंत्रास ही मांडणी शोभून दिसते. पण मग झाले असे, की प्रवासाचे यंत्र कचेरीत कायमचे येऊन बसले. पडदा, कळा आणि टचपॅड ही तिन्ही एका सांगाड्यात जखडलेली. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात खांद्याकडे चढतात. हात कोपराच्या पातळीवर आणावेत तर मान खाली जाते. मान आणि मनगट यांच्यापैकी कोणाचा बळी द्यावयाचा, एवढीच निवड उरते.

आणि ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती असे नाही. २९ मे १९९० रोजी युरोपीय समुदायाने पडद्यावर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी एक निर्देश काढला. कळफलक पडद्यापासून सुटा असावा, तो तिरका करता यावा आणि त्याच्यापुढे हात टेकण्यास पुरेशी जागा असावी, असे त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे. हाती नेण्याच्या यंत्रांस त्यातून सूट आहे, परंतु ती दीर्घकाळ वापरावयाची नसतील तरच. स्वीडनमध्ये पगारदार सेवकांच्या टीसीओ या मध्यवर्ती संघटनेने तर १९९२ साली पडद्यांसाठी स्वतःचे प्रमाणपत्र सुरू केले आणि १९९५ च्या नियमांत कळफलकही घेतला. कारखानदारांनी जगभर विकल्या जाणाऱ्या आपल्या पडद्यांवर त्या संघटनेची मोहोर मिरविली. यंत्र कसे असावे हे कामगार संघटना सांगू शकते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सापडलेले नाही.

आमच्याकडे काय झाले? आमच्याकडेही संगणकाविषयी मोठा झगडा झाला. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यास संगणकाविरुद्ध आंदोलन केले. स्वयंचलनाच्या प्रश्नावर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते, तिचा अहवाल १९७२ साली आला. १९८३ च्या सप्टेंबरात बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. किती यंत्रे, कोठे आणि कोणत्या कामास, याच्या मर्यादा त्यात ठरल्या. या सर्वांचा मुख्य प्रश्न नोकऱ्यांचा होता आणि तो रास्त होता. ज्याची चूल विझण्याची वेळ आली आहे, त्यास मनगटाची चर्चा सुचत नाही. परंतु नंतर संगणक आला, स्थिरावला, आणि आमची पिढी त्याच्यापुढे बसणाऱ्यांचे नेतृत्व करू लागली. तेव्हा तरी आम्ही हा प्रश्न हाती घ्यावयास हवा होता. आम्ही पगार मोजला, तास मोजले, रजा मोजल्या. टेबलाची उंची आम्ही मोजली नाही. ही चूक आमच्या वाट्याची आहे आणि ती येथे कबूल केली पाहिजे.

खेड्यातील शेतमजूर बाईसुद्धा या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणी. खुरप्याची मूठ हाताला लागते असे दिसले की ती लोहाराकडे किंवा सुताराकडे जाते आणि आपल्या हाताप्रमाणे ती करून घेते. डावखुऱ्याला विळा वेगळा लागतो, हे लोहारास सांगावे लागत नाही. कचेरीतील शिकलेल्या कामगारास मात्र हत्यार जसे मिळेल तसे वापरावे लागते, आणि हात त्याच्याप्रमाणे वाकवावा लागतो.

आता ज्या माणसाची गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटली, तिच्याकडे येऊ. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन हे डॉक्टरेटसाठी काम करीत होते. टंकलेखनाने त्यांचे हात दुखू लागले. हे तेच वारंवार होणाऱ्या ताणाचे दुखणे. कळ दाबण्यास जोरच लागू नये, म्हणून त्यांनी अनेक बोटे एकाच वेळी ओळखणाऱ्या स्पर्शपृष्ठाचा अभ्यास केला; त्यांचा प्रबंध १९९९ सालचा आहे. त्यांचे मार्गदर्शक जॉन एलियस यांच्यासह त्यांनी १९९८ साली फिंगरवर्क्स ही लहानशी कंपनी काढली. तिने कळांच्या जागी स्पर्शपृष्ठ असलेला कळफलक केला आणि आयजेश्चर पॅड नावाचा एक टचपॅडही केला. हा टचपॅड संगणकाच्या बाहेर, टेबलावर ठेवावयाचा आणि वायरीने जोडावयाचा. हात दुखावलेल्या लोकांना तो फार उपयोगी वाटला. २००५ साली ॲपलने ही कंपनी विकत घेतली. २००७ साली आयफोन आला, आणि दोन बोटांनी चित्र लहान-मोठे करणे ही गोष्ट सर्वांच्या हाती गेली. परंतु फिंगरवर्क्सच्या वस्तूंचे उत्पादन थांबले. ज्या दुखऱ्या हातांसाठी ती विद्या जन्मली, त्यांना ती मिळेनाशी झाली. आज आपण खिशात जो फोन बाळगतो, त्याच्या वंशावळीत एक दुखावलेला हात आहे, हे किती जणांस ठाऊक आहे?

या सर्वाचा व्यवहारातील उपयोग काय, हेही सांगितले पाहिजे. नुसता इतिहास सांगून आमच्या सभासदांची मनगटे बरी होणार नाहीत. लॅपटॉप पुस्तकांच्या चवडीवर ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीस आणावा. कळफलक वेगळा जोडावा. वायरीचा टचपॅड त्याला लागून, कोपर अंगाजवळ राहील आणि मनगट वर किंवा बाजूस वाकणार नाही अशा रीतीने ठेवावा. बाणाची गती वाढवावी, म्हणजे बोटाची थोडी हालचाल पुरते. दाबण्याऐवजी टिचकीने काम होईल अशी व्यवस्था संगणकात करता येते, ती करावी. काही दिवस उजवा हात, काही दिवस डावा, अशी पाळी लावावी. वायर जुनाट दिसते म्हणून नाक मुरडू नये. तिला बॅटरी भरावी लागत नाही, बिनतारी जोडणीस बंदी असलेल्या कचेरीत ती चालू शकते, आणि टेबलावर पाहिजे तेथे हात नेण्याइतकी मोकळीक देते.

परंतु टचपॅड हे औषध नव्हे. बारीक रेघा काढण्याच्या कामास तो अपुरा पडतो, आणि तर्जनीनेच सर्व ओढाताण केली तर तर्जनीच दुखू लागते. येथे रामाझिनीच्या नोटरीची आठवण ठेवावी. त्याने हात बदलला. काम आणि त्याची गती तीच ठेवली, म्हणून दुसराही हात गेला. म्हणून साधनाबरोबर विश्रांतीही मागितली पाहिजे, आणि तासाला किती आकडे भरावयाचे यावर बोलण्याचा हक्कही मागितला पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत मनगटातील नस दबण्याचे दुखणे नावानिशी आले आहे. तेव्हा हे लाड आहेत, असे कोणी म्हणाल्यास ती यादी त्याच्यापुढे ठेवावी. आम्ही तेच केले.

त्या मुलीच्या प्रकरणी चार महिने पत्रव्यवहार झाला, तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत आम्ही भाषण केले नाही. तिलाच लॅपटॉपपुढे बसविले आणि तिचे मनगट किती वाकते ते साहेबांना पाहावयास सांगितले. कंपनीने तपासून मान्य केलेला वायरीचा टचपॅड आणि वेगळा कळफलक, मागेल त्यास कंपनीच्या खर्चाने द्यावयाचा, असे शेवटी लेखी ठरले. तिच्या पाठोपाठ आणखी काही जणींनी अर्ज केले. हात दुखतो असे त्यांच्यापैकी एकीनेही त्यापूर्वी कोणास सांगितले नव्हते.

तिचा हात बराच सुधारला आहे. पूर्ण बरा झालेला नाही. थंडीच्या रात्री अजून मुंग्या येतात म्हणते. तासाला किती आकडे भरावयाचे, तो प्रश्न अद्याप सुटलेला नाही. त्याची बोलणी चालू आहेत. कंपनीकडून नवा टचपॅड मिळाल्यावर तिने स्वतःच्या पैशाने घेतलेला जुना आमच्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, हा इथंच राहू दे. उद्या कोणी माझ्यासारखी आली, तर तिला आधी हात ठेवून बघू द्या."

तो तेथेच आहे. चहाचा पेला मात्र आता आम्ही त्याच्यावर ठेवू देत नाही.